क्रम सोडून फलंदाजी : सॉफ्टबॉलच्या नियमपुस्तिकांतील फरक आणि शिक्षकाचे कर्तव्य

भिवंडी तालुक्यात भाताची कापणी झाली आणि खाचरे कोरडी पडली, की शाळेशेजारची मोकळी जमीन मुलांच्या खेळांनी गजबजू लागते. कबड्डी आणि खो-खो हे या भागातील मुलांच्या अंगवळणी पडलेले खेळ होत. क्रिकेट तर प्रत्येक पाड्यावर पोहोचलेले आहे. या खेळांच्या जोडीस शालेय क्रीडास्पर्धांमुळे सॉफ्टबॉल हा खेळही आता ग्रामीण शाळांच्या परिचयाचा होऊ लागला आहे. परंतु कबड्डीचा पंच होण्यास जो शिक्षक क्षणभरही कचरत नाही, तोच सॉफ्टबॉलच्या मैदानावर उभा राहिला असता कित्येकदा गोंधळून जातो. याचे कारण खेळ अवघड आहे हे नव्हे, तर त्यातील काही नियम आपल्या परंपरेतील खेळांहून निराळ्या विचारावर उभे आहेत, हे होय.

अशा नियमांपैकी एक म्हणजे फलंदाजीच्या क्रमाचा नियम. एखादा खेळाडू आपली पाळी नसताना फलंदाजीस आला तर काय करावे, बाद कोणास द्यावे, झालेली धाव मोजावी की न मोजावी, आणि हे सर्व पंचाने आपण होऊन सांगावे की कोणी विचारीपर्यंत गप्प राहावे, या प्रश्नांची उत्तरे सर्व नियमपुस्तिकांत एकसारखी नाहीत. एका शाळेने एक पुस्तिका वाचलेली आणि दुसरीने दुसरी, असे झाले म्हणजे दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरे असूनही मैदानावर वाद उभा राहतो. प्रस्तुत लेखात या नियमाचा उलगडा करून, तो विद्यार्थ्यांस शिकवावा कसा, याचा विचार केला आहे.

खेळाची थोडी ओळख

सॉफ्टबॉलचा जन्म अमेरिकेतील शिकागो शहरी १८८७ मध्ये झाला. जॉर्ज हॅन्कॉक यांनी तो प्रथम बंदिस्त जागेत खेळावयाचा खेळ म्हणून मांडला. पुढे तो मोकळ्या मैदानावर आला. १९२६ मध्ये वॉल्टर हाकान्सन यांनी सुचविलेले ‘सॉफ्टबॉल’ हे नाव हळूहळू रूढ झाले. १९३३ मध्ये अमेरिकेत ॲमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. हीच संस्था २०१७ पासून ‘यूएसए सॉफ्टबॉल’ या नावाने ओळखली जाते. भारतात या खेळाची संघटना १९६१ मध्ये जोधपूर येथे स्थापन झाली. १९९६ ते २००८ या काळातील चार ऑलिंपिकमध्ये, आणि पुन्हा २०२१ मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, महिलांचा सॉफ्टबॉल समाविष्ट होता.

मैदानावर एका संघाचे ९ खेळाडू असतात. पिचर हात खांद्याखालून फिरवून चेंडू टाकतो आणि फलंदाज, म्हणजेच बॅटर, तो मारून पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या बेसवरून पुन्हा होमप्लेटपर्यंत परतण्याचा प्रयत्न करतो. असा पूर्ण फेरा झाला की एक धाव मिळते. योग्य टप्प्यात आलेला चेंडू हुकला वा सोडला तर ‘स्ट्राइक’, आणि टप्प्याबाहेरून गेलेला चेंडू सोडला तर ‘बॉल’ मोजतात. तीन स्ट्राइक झाल्यास फलंदाज बाद होतो. चार बॉल झाल्यास त्यास पहिला बेस आपोआप मिळतो. तीन खेळाडू बाद झाले की पाळी दुसऱ्या संघाकडे जाते. सामान्यतः सात डावांचा सामना असतो.

येथे क्रिकेटचा एक संस्कार पुसून टाकावा लागतो. क्रिकेटमध्ये कोणत्या खेळाडूने केव्हा फलंदाजीस जावे हे कर्णधार वाटेल तसे बदलू शकतो. सॉफ्टबॉलमध्ये तसे नाही. सामन्यापूर्वी फलंदाजांची क्रमवार यादी पंचाच्या हाती द्यावी लागते आणि तो क्रम सामना संपेपर्यंत चक्राकार चालू राहतो. एका डावात पाचव्या क्रमांकाच्या खेळाडूने आपली पाळी पुरी केली आणि तिसरा बाद झाला, तर पुढील डावाची सुरुवात सहाव्या क्रमांकापासून होते, पहिल्यापासून नव्हे. बदली खेळाडू आला, तरी तो ज्याच्या जागी आला त्याच्याच स्थानावर खेळतो.

हा नियम का असावा, याचे उत्तर विद्यार्थ्यांसच शोधू द्यावे. क्रम नसता, तर उत्तम मारणारी दोन-तीन मुलेच पुनःपुन्हा पुढे आली असती आणि उरलेल्यांच्या वाट्यास केवळ चेंडू अडविण्याचे काम आले असते. क्रमामुळे संघातील सर्वांत दुबळ्या खेळाडूसही सर्वांत बलवानाइतकीच पाळी मिळते.

तीन प्रसंग

नियम समजण्यासाठी क, ख, ग, घ, च, छ, ज, झ, ट असे नऊ खेळाडू याच क्रमाने यादीत आहेत असे मानावे. क खेळून दुसऱ्या बेसवर पोहोचला आहे. आता पाळी ख याची आहे, परंतु चुकून ग बॅट घेऊन उभा राहिला.

पहिला प्रसंग : ग याची पाळी चालू असतानाच चूक ध्यानात आली. समजा, तोवर दोन बॉल आणि एक स्ट्राइक झाली आहे. अशा वेळी ख याने येऊन ग याची जागा घ्यावी. दोन बॉल व एक स्ट्राइक ही मोजणी तशीच पुढे चालते. तेवढ्या अवधीत क नियमानुसार पुढील बेसवर गेला असेल तर ते कायम राहते. कोणीही बाद होत नाही. ही चूक फलंदाजी करणारा संघ स्वतःही सुधारू शकतो.

दुसरा प्रसंग : ग याने चेंडू मारला, तो पहिल्या बेसवर पोहोचला आणि क याने होमप्लेट गाठून धाव केली. पुढील फलंदाजास चेंडू टाकण्यापूर्वी क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने पंचाकडे दाद मागितली. आता ख बाद ठरतो. ग याच्या फटक्यामुळे मिळालेली धाव रद्द होते. क दुसऱ्या बेसवर परततो आणि ग यास बेस सोडावा लागतो. पुढचा फलंदाज कोण? बाद ठरलेल्या ख याच्यानंतर यादीत ज्याचे नाव आहे तो, म्हणजे पुन्हा ग हाच. या वेळी मात्र तो आपल्या हक्काच्या पाळीवर येतो.

तिसरा प्रसंग : कोणीही दाद मागितली नाही आणि पिचरने घ यास पहिला चेंडू टाकला. त्या क्षणी ग याची फलंदाजी नियमास धरून झाली असे समजले जाते. धाव कायम राहते. ग याच्यानंतर घ येतो, म्हणून घ याची पाळी योग्यच ठरते. ख याची पाळी मात्र त्या फेरीपुरती गेली ती गेलीच.

या तीन प्रसंगांचे मर्म एका वाक्यात सांगता येते : पाळी चालू असता चूक सुधारता येते, पाळी संपल्यावर दाद मागता येते आणि पुढचा चेंडू पडल्यावर सर्व माफ होते. येथवर बेसबॉल आणि सॉफ्टबॉल यांच्या प्रमुख पुस्तिकांत मूळ विचार एकच आहे. फरक पुढे पडतो.

पुस्तिका कोठे वेगळ्या होतात

पहिला फरक, त्याच खेळीत बाद झालेल्या इतर खेळाडूंविषयीचा आहे. समजा, क पहिल्या बेसवर आहे. ख याच्याऐवजी ग आला, त्याने चेंडू जमिनीलगत मारला, क्षेत्ररक्षकांनी तो दुसऱ्या बेसवर फेकून क यास बाद केले आणि ग पहिल्या बेसवर सुखरूप पोहोचला. नंतर दाद मागितली गेली. बेसबॉलच्या अधिकृत नियमांनुसार त्या फटक्याने झालेली सारी खेळी रद्द होते. एकटा ख बाद धरतात आणि क पहिल्या बेसवर परत येतो. अमेरिकेतील शाळांसाठी नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स या संस्थेने केलेल्या सॉफ्टबॉलच्या नियमांत, तद्वतच यूएसए सॉफ्टबॉलच्या नियमांत, खेळीत झालेले बाद कायम राहतात. म्हणून तेथे क बाद आणि ख देखील बाद, असे दोन बाद मोजले जातात. एकाच फटक्यावर एका पुस्तिकेने एक आणि दुसरीने दोन बाद द्यावेत, हा लहान फरक नव्हे. तीन बाद होताच डाव संपतो हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे वजन कळते.

दुसरा फरक, चुकीने आलेला फलंदाज स्वतःच बाद झाल्यास काय, याविषयीचा आहे. समजा, ग याने उंच मारलेला चेंडू झेलला गेला आणि त्यानंतर दाद मागितली. बेसबॉलमध्ये ख बाद ठरतो, ग याचे बाद होणे मोजले जात नाही आणि ग पुन्हा फलंदाजीस येतो. अमेरिकन शाळांच्या नियमांतही, क्रम मोडल्याबद्दलचा बाद हा चुकीने आलेल्या फलंदाजाच्या बादची जागा घेतो. म्हणजे तेथेही एकच बाद आणि पुढचा फलंदाज ग. यूएसए सॉफ्टबॉलच्या नियमांत मात्र दोन्ही बाद कायम राहतात. आणि ग हाच पुढचा फलंदाज असल्याने, तो नुकताच बाद झाला म्हणून त्यास वगळून घ यास बोलावले जाते. म्हणजे शाळांच्या पुस्तिकेने खेळीतील इतरांच्या बादपुरते एक मत धरले आणि चुकीच्या फलंदाजापुरते दुसरे. शिक्षकाने हा बारकावा नीट पाहून ठेवावा.

तिसरा फरक दाद मागण्याच्या मुदतीचा आहे. बेसबॉलमध्ये पुढील फलंदाजास, मग तो कोणत्याही संघाचा असो, पहिला चेंडू टाकला जाईपर्यंत अथवा दुसरी एखादी खेळी होईपर्यंत दाद मागता येते. तेव्हा तिसरा बाद होऊन डाव पालटला तरी मुदत लगेच संपत नाही. उपर्युक्त दोन्ही सॉफ्टबॉल पुस्तिकांत, डाव संपत असल्यास क्षेत्ररक्षकांनी मैदान सोडण्यापूर्वीच दाद मागितली पाहिजे. बाहेर जाऊन, पाणी पिऊन, वही चाळून मग आलेली तक्रार तेथे ऐकली जात नाही.

एका सामन्याचा दाखला

हा नियम केवळ नवशिक्यांस अडवितो असे नाही. ९ मे २०१८ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी येथे न्यूयॉर्क मेट्स आणि सिनसिनाटी रेड्स या व्यावसायिक बेसबॉल संघांच्या सामन्यात पहिल्याच डावात हा प्रसंग घडला. पंचाकडे दिलेल्या यादीत मेट्सचा दुसरा फलंदाज काब्रेरा, तिसरा फ्लोरेस आणि चौथा ब्रूस असा क्रम होता. प्रत्यक्षात मात्र दुसरा म्हणून फ्लोरेस आला आणि तीन स्ट्राइक होऊन बाद झाला. प्रतिपक्षाने दाद मागितली नाही. त्यानंतर काब्रेरा आला आणि त्याने उत्तम फटका मारून दुसरा बेस गाठला. आता रेड्सच्या व्यवस्थापकाने पंचाकडे दाद मागितली.

विद्यार्थ्यांस येथे थांबवून विचारावे : बाद कोण? बहुतेक मुले ‘फ्लोरेस’ वा ‘काब्रेरा’ असे उत्तर देतील. खरे उत्तर ‘ब्रूस’ असे आहे. काब्रेरास पहिला चेंडू पडताच फ्लोरेसची पाळी नियमित ठरली. फ्लोरेस यादीत तिसरा, म्हणून त्याच्यानंतर चौथ्याची, म्हणजे ब्रूसची पाळी होती. ब्रूसच्या जागी काब्रेरा आला. म्हणून ब्रूस बाद, काब्रेराचा फटका रद्द आणि तिसरा बाद झाल्याने डाव समाप्त. ज्याने अजून बॅट हातात धरली नव्हती, असा खेळाडू बाद झाला! तो सामना मेट्सने दहा डावांनंतर २-१ असा गमावला. या एका चुकीनेच तो गमावला असे म्हणता येणार नाही. परंतु एका धावेने ठरलेल्या सामन्यात, दुसऱ्या बेसवर पोहोचलेला गडी कागदावरील उलटसुलट नावांमुळे परत आला, हे मात्र खरे.

या दाखल्यातून आणखी एक गोष्ट दिसते. दोन खेळाडूंची अदलाबदल झाली असता ‘आता दुसऱ्यास पाठवू, म्हणजे हिशोब जुळेल’ असे संघास वाटते. परंतु पहिली चूक मुदत टळून नियमित ठरली, की तिची भरपाई म्हणून केलेली दुसरी कृती हीच नवी चूक होते.

बाद तोच का?

ज्याने चूक केली तो ग, आणि बाद होतो तो गप्प बसलेला ख. हे मुलांस अन्यायाचे वाटते आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. शिक्षकाने हा प्रश्न टाळू नये.

याचा उलगडा असा, की ही शिक्षा व्यक्तीस नसून यादीतील स्थानास आहे. प्रत्येक स्थानाने आपल्या पाळीचा काही ना काही निकाल दिला पाहिजे, मग ती धाव असो वा बाद. ख याचे स्थान रिकामे गेले, म्हणून त्या स्थानावर बादची नोंद होते. ग याचे स्थान अद्याप यावयाचे आहे, म्हणून त्याची पाळी शिल्लक राहते. शिवाय ख यासही आपली पाळी ओळखून उठण्याचे कर्तव्य होते. गावच्या पाणवठ्यावर रांग असता आपला नंबर आला तरी जो उठत नाही, त्याचा नंबर जातो, तसेच हे आहे.

परंतु तिसरा प्रसंग पुन्हा पाहावा. कोणी दाद मागितली नाही तर ख बाद होत नाही हे खरे, पण त्याची पाळीही परत मिळत नाही. या नियमाने प्रतिपक्षाचे रक्षण केले, आपल्याच संघाने वगळलेल्या मुलाचे केले नाही. ख हा जर संघातील दुबळा मुलगा असेल, त्यास सोडून बलवान ग यास मुद्दाम पुढे ढकलले असेल आणि समोरच्या संघाच्या ते ध्यानातच आले नसेल, तर कोणतीही नियमपुस्तिका ख याच्या मदतीस धावून येत नाही. त्या मुलाचा वाली एकच, आणि तो म्हणजे त्याचा शिक्षक. क्रमाची वही हाती घेऊन बसलेल्या शिक्षकाने हे कधीही विसरू नये.

आपल्या खेळांतील क्रम

विद्यार्थ्यांस हा नियम परका वाटू नये म्हणून त्यांच्या परिचयाच्या खेळांपासून आरंभ करावा. खो-खोमध्ये संरक्षण करणाऱ्या खेळाडूंची नावे क्रमाने गुणलेखकाकडे नोंदवितात आणि ते तीन-तीनच्या तुकडीने मैदानात उतरतात. आपल्या पाळीपूर्वी आत शिरणारा खेळाडू बाद दिला जातो. तसेच आधीची तुकडी बाद झाल्यावर ठरलेल्या अवधीत आत न येणाराही बाद होतो. येथे जो चुकला तोच बाद होतो आणि पंच कोणाच्या तक्रारीची वाट पाहत नाही. पुणे येथील डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये या खेळास नियमबद्ध करण्याचे काम हाती घेतले. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे त्याची विश्वचषक स्पर्धा भरली आणि पुरुष व महिला या दोन्ही गटांत भारताने विजय मिळविला.

कबड्डीत कोणी चढाई करावी यास यादीचे बंधन नसते, तथापि बाद झालेले खेळाडू ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने पुन्हा जिवंत होतात. एके काळी याच खेळाचे संजीवनी, गामिनी व अमर असे प्रकार प्रचारात होते. संजीवनीत बाद खेळाडू परत येई. गामिनीत तो अखेरपर्यंत बाहेर बसे. अमरमध्ये तो मैदान सोडीतच नसे, केवळ गुण मोजला जाई. एकाच खेळास तीन रीती असता सामन्यापूर्वी ‘कोणत्या रीतीने खेळावयाचे?’ हे विचारणे भाग असे. सॉफ्टबॉलच्या पुस्तिकांबाबत तेच विचारावयाचे आहे.

दाद मागण्याची कल्पना क्रिकेटवरून समजावता येते. फलंदाज नियमाने बाद असला तरी क्षेत्ररक्षकांनी ‘हाऊज दॅट’ असे विचारल्यावाचून पंच त्यास बाद देत नाही. आणि गोलंदाजाने पुढील चेंडूसाठी धाव घेण्यास आरंभ केला, की मागील चेंडूबद्दलची मुदत संपते. सॉफ्टबॉलमधील मुदतीशी याचे साम्य उघड आहे. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी दिल्ली येथे विश्वचषक सामन्यात श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज वेळेत खेळण्यास सिद्ध न झाल्यामुळे बाद ठरला. तोही बांगलादेशाचा कर्णधार शाकिब अल हसन याने दाद मागितल्यावर. क्रिकेटच्या मूळ नियमांत यासाठी ३ मिनिटांची मुदत आहे, तर त्या स्पर्धेच्या नियमांत ती २ मिनिटांची होती. मूळ नियम आणि स्पर्धेचा नियम यांत फरक असू शकतो, याचाही हा बोलका दाखला होय.

पंचाचे मौन

बेसबॉलच्या नियमांत तर स्पष्ट म्हटले आहे, की चुकीचा फलंदाज उभा असता पंचाने वा गुणलेखकाने त्याकडे कोणाचेही लक्ष वेधू नये. शिक्षक-पंचास हे मौन जड जाते. चूक दिसत असता गप्प राहणे त्याच्या पेशास विसंगत वाटते. परंतु पंचाने एका संघास सावध केले, तर तो दुसऱ्या संघाचे नुकसान करतो. लक्षपूर्वक वही ठेवणाऱ्या संघाचा लाभ त्याने हिरावून घेतल्यासारखे होते. यास्तव स्पर्धेत पंचाने मौन पाळणे हाच न्याय आहे.

शाळेच्या नित्याच्या तासाची गोष्ट निराळी. तेथे शिक्षक हा प्रथम शिक्षक आहे आणि नंतर पंच. तेथे त्याने खेळ थांबवावा, ज्याची पाळी आहे त्यास बोलवावे आणि पहिल्या प्रसंगाप्रमाणे खेळ पुढे चालवावा. पाळी पूर्ण झाल्यावर चूक आढळल्यास, शिक्षेपूर्वी नियम समजावून सांगावा आणि वगळलेल्या मुलास पाळी द्यावी. स्पर्धेचा न्याय आणि वर्गाचा न्याय यांतील हा भेद मुलांसही सांगून ठेवावा, म्हणजे स्पर्धेत पंच गप्प राहिला असता त्याने पक्षपात केला असे त्यांस वाटणार नाही.

पाठाची रूपरेषा

इयत्ता : सहावी ते आठवी. वेळ : दोन तासिका.

उद्दिष्टे : क्रमाने पाळी घेण्याचे महत्त्व समजणे, तीन प्रसंगांतील निर्णय स्वतः देता येणे, नियमपुस्तिका वाचून अर्थ लावण्याची सवय लागणे.

साहित्य : मऊ रबरी चेंडू, एक बॅट, बेससाठी गोणपाटाच्या चार घड्या, आखणीसाठी फक्की, यादीसाठी दोन कागद. भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या परिसरात कोऱ्या कापडाचे तुकडे मिळणे कठीण नाही. त्यांवर १ ते ९ आकडे लिहून ते मुलांच्या पाठीवर टाचावेत.

पहिली तासिका, वर्गात : खो-खोतील तुकड्यांच्या क्रमावर दोन-तीन प्रश्न विचारून विषयात प्रवेश करावा. फळ्यावर क ते ट ही नावे लिहावीत. नऊ मुलांस ती नावे देऊन ओळीने उभे करावे आणि तिन्ही प्रसंग प्रत्यक्ष करून दाखवावेत. प्रत्येक प्रसंगी चार प्रश्न याच क्रमाने विचारावेत : पाळी कोणाची होती? पुढचा चेंडू पडला आहे का? बाद कोण? पुढचा फलंदाज कोण? हे चार प्रश्न ज्यास पाठ झाले, तो कोणत्याही गुंतागुंतीतून वाट काढू शकतो. शेवटी मेट्सच्या सामन्याचे कोडे घालावे.

दुसरी तासिका, मैदानावर : दोन संघ करून तीन डावांचा सामना खेळवावा. प्रत्येक संघातील एक विद्यार्थी गुणलेखक म्हणून बसवावा आणि हे काम फिरते ठेवावे. तिसऱ्या डावात एका संघास गुप्तपणे सांगून एकदा क्रम मोडावयास लावावा आणि दुसऱ्या संघाच्या ते ध्यानात येते का हे पाहावे. आले तर शाबासकी द्यावी, न आले तर डाव संपल्यावर चर्चा करावी.

मूल्यमापन : ‘क पहिल्या बेसवर आहे, ख याच्याऐवजी ग आला, क दुसऱ्या बेसवर बाद झाला आणि नंतर दाद मागितली’ या प्रसंगाचा निर्णय दोन निरनिराळ्या पुस्तिकांनुसार लिहून दाखविण्यास सांगावे. उत्तरे दोन असूनही दोन्ही बरोबर असू शकतात, हा अनुभव मुलांस नवा असतो आणि तो मोलाचा आहे.

सामन्यापूर्वी पाळावयाच्या गोष्टी

आंतरशालेय सामना असल्यास दोन्ही शाळांच्या शिक्षकांनी नाणेफेकीपूर्वी एकत्र बसावे. स्पर्धेच्या आयोजकांनी कोणती पुस्तिका आणि तिची कोणत्या वर्षाची आवृत्ती प्रमाण मानली आहे, हे विचारून घ्यावे. तीतील तीन मुद्दे मोठ्याने वाचावेत : खेळीतील इतर बाद कायम राहतात की नाही, चुकीने आलेल्या फलंदाजाचा बाद मोजतात की नाही, आणि दाद मागण्याची मुदत केव्हा संपते. या वाचनास पाच मिनिटे पुरतात. न वाचल्यास वादात अर्धा तास जातो आणि मुलांची मने दुखावतात ती वेगळीच.

यादी एकाच हस्ताक्षरात लिहून तिची नक्कल तेथेच करावी आणि दोन्ही कागद ओळीने ताडून पाहावेत. भिवंडी तालुक्यातील एकाच संघात तीन पाटील आणि दोन भोईर असणे नवलाचे नाही. यास्तव केवळ आडनाव न लिहिता मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि पाठीवरील आकडा या चारही गोष्टी लिहाव्यात. फलंदाजास पाठविताना पुढचे दोघे कोण हे दर वेळी मोठ्याने सांगावे. ज्याची पाळी आहे तो खेळपट्टीकडे निघालेला असावा आणि त्याच्या पुढचा बॅट घेऊन सिद्ध असावा.

यादी लिहिताना चूक झाली आणि त्यामुळे एखादे मूल बाद ठरले, तर तो दोष मुलाचा नव्हे, हे त्या मुलास सर्वांसमक्ष सांगावे. आपण न खेळताच बाद झालो, ही गोष्ट दहा-बारा वर्षांच्या मुलास फार लागते. नियमाने धाव परत घेतली तरी शिक्षकाच्या एका शब्दाने मुलाचा मान परत देता येतो.

क्रमाची यादी हे सामन्यापूर्वी संघाने दिलेले लेखी वचन आहे. पुस्तिका निरनिराळ्या असोत, त्या वचनाचा भंग झाला असता किंमत द्यावी लागते, याविषयी त्यांच्यात मतभेद नाही. मतभेद आहे तो किमतीच्या मोजमापाविषयी. शाळेच्या मैदानावर या यादीतील नववे नावही पहिल्या नावाइतक्याच काळजीने पुकारले गेले पाहिजे.